बाईकचे टायर कधी बदलायचे आणि कुठले घ्यायचे: कोकणातल्या रस्त्यांसाठी नेहमीचे प्रश्न

मे महिना अर्धा सरला की आजूबाजूच्या मंडळींचे तेच तेच प्रश्न सुरू होतात. यंदाचा पाऊस निघेल का या टायरवर, कुठल्या कंपनीचा घेऊ, एक साईज रुंद टाकला तर काय होईल. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. हे सगळं डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे, चिखलात उड्या मारणाऱ्यांसाठी नाही.

टायर किती किलोमीटरला बदलायचा?

किलोमीटरवर ठरवू नका. साध्या १००-१२५ सीसीच्या गाडीवर मागचा टायर वीस-पंचवीस हजार आरामात जातो, आणि मोठ्या गाडीवरचा मऊ रबराचा टायर त्याच्या निम्म्यातसुद्धा संपतो. एकजण खेड ते चिपळूण सरळ हायवेने एकटा जातो, दुसरा दर आठवड्याला मागे बायको आणि पुढे पिशव्या घेऊन आंबा घाट चढतो, दोघांचा टायर सारखा कसा झिजेल?

बघायच्या गोष्टी तीन: नक्षी किती उरली, टायरचं वय किती, आणि कुठे चीर, फुगवटा, कापल्याची खूण आहे का. यातली एक जरी नापास झाली तरी टायर बदलायचा, बाकीच्या दोन पास आहेत म्हणून चालवायचा नाही. आणि हे बघायचं ते मे महिन्यात, जुलैत एखाद्या वळणावर मागचं चाक सरकल्यावर नाही.

नक्षी किती उरली ते कसं कळतं?

टायरच्या कडेला नीट बघा, टीडब्ल्यूआय अशी तीन इंग्रजी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. तिथून सरळ वर नक्षीच्या खाचेत बघितलं की तळाशी रबराचा एक बारीक उंचवटा दिसतो. आजूबाजूचं रबर झिजून त्या उंचवट्याच्या लेव्हलला आलं की टायर संपला, पुढे बोलायचं काम नाही.

खाच मोजायचा छोटा गेज शे-दोनशे रुपयांत मिळतो, तो घ्या. मधे एकदा आणि दोन्ही बाजूंना एकेकदा मोजा, चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, आणि सगळ्यात कमी आकडा येईल तोच खरा धरा. लोक नेमकं सगळ्यात चांगल्या जागी मोजून खूश होतात.

कायद्याने किती लागते? तेवढी असली की बास ना?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर सांगितलीय, कारला १.६. म्हणजे एक मिलिमीटर उरली असली तरी तुमची गाडी कायद्यात बसते.

पण कायदा सगळ्या देशाला एक. तो जैसलमेरलाही तोच आणि रत्नागिरीलाही तोच, आणि आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीत तर त्याच्या दुप्पट. नक्षीचं खरं काम पाणी बाजूला काढायचं. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरसुद्धा धरतो, रेसच्या गाड्यांना नक्षीच नसते, पण रस्त्यावर पाण्याचा थर असला की ते पाणी खाचांतून बाहेर पडलं तरच रबर डांबराला टेकतं. खाच उथळ झाली की तिच्यात पाणी कमी मावतं, जास्तीचं पाणी टायरच्या खालीच अडकतं आणि तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा गाडी रस्त्यावर नसतेच, पाण्यावर असते. हायवेच्या सिमेंटवर जिथे पाणी साचून राहतं तिथे सत्तरच्या स्पीडला हँडल एकदम हलकं लागतं बघा, ते हेच.

म्हणून माझा हिशोब असा: मे अखेरीस दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर बदलून टाकायचा, मग तो अजून चार-पाच हजार किलोमीटर गेला असता तरी. तोच टायर ऑक्टोबरमध्ये तेवढाच उरला असेल तर थंडीभर, उन्हाळाभर बिनधास्त वापरा आणि पुढच्या मेमध्ये काढा. टायर तोच, नक्षी तेवढीच, फक्त महिना वेगळा.

"टायर अजून बरो आसा, नक्षी पुरी आसा." पण गाडी सहा वर्षांची आहे. बदलू का?

हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात जास्त येतो, कारण कोकणात अशा गाड्या घराघरात आहेत. मुंबईला असलेल्या भावाची बाईक गावी पडवीत उभी, गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात बाहेर निघते, बाकी वर्षभर तिच्यावर कोंबड्या बसतात. किलोमीटर जेमतेम, नक्षी नव्यासारखी, आणि रबर मात्र लाकूड झालेलं.

रबर वापरलं नाही म्हणून टिकत नाही. ऊन, हवेतला ओझोन आणि उष्णता यांनी ते आतून कडक होत जातं, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही, नक्षी कितीही असो. उलट रोज चालणारा टायर बरा राहतो, कारण फिरताना रबर दबतं-सुटतं आणि त्यातलं रबराला जपणारं मेण वर येत राहतं. उभ्या गाडीला तेही नाही. शिवाय साइड स्टँडवर, हवा कमी, महिनोन्‌महिने एकाच जागी टेकून राहिल्यावर टायर तिथे चपटा होतो, मग चालवताना दर फेऱ्याला टुक टुक जाणवतं.

वय बघायचं सोपं आहे. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १८२३ म्हणजे २०२३ सालचा अठरावा आठवडा, मे महिन्याची सुरुवात. हा कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, नाही दिसला तर दुसरीकडून वाकून बघा. पाच वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासायचा, आणि दहा वर्षांच्या पुढे कितीही चांगला दिसला तरी काढायचा असं टायर कंपन्याच सांगतात. मी दहापर्यंत थांबा म्हणणार नाही. सहा वर्षं झाली, खाचांच्या तळाशी किंवा कडेला केसासारख्या चिरा दिसायला लागल्या आणि नख दाबल्यावर रबर दबतच नाही, तर बदला.

गावी गाडी ठेवून जाणाऱ्यांनी एवढं करा: मेन स्टँडवर ठेवा, हवा पूर्ण भरून ठेवा, ऊन लागेल अशी ठेवू नका. आणि गणपतीत घरी आल्या आल्या किक मारून थेट बाजारात जाऊ नका, आधी हवा आणि चिरा बघा.

मागचा टायर मधे सपाट झालाय, कडेला नक्षी आहे. चालेल?

नाही. हायवेचं चौपदरीकरण होऊन लांब सरळ पट्टे झाल्यापासून हे जास्त दिसतं. सरळ चालून चालून मधला पट्टा घासतो आणि गोल टायर चौकोनी होतो. मग सरळ रस्त्यावर काही कळत नाही, पण परशुराम नाहीतर कशेडीच्या जुन्या घाटात गाडी वळणावर झुकवली की त्या सपाट भागाच्या कडेवरून ती एकदम पडल्यासारखी झुकते. कोरड्यात सवय होते, ओल्यात सवयीचा उपयोग नाही.

पुढच्या टायरवर खाली-वर अशा लाटा पडल्या असतील तर नुसता टायर बदलून भागणार नाही, हवा कायम कमी असते का, शॉकअप गेलेत का, चाकाचं बेअरिंग वाजतं का ते आधी बघून घ्या, नाहीतर नवाही तसाच होईल.

मागचा गेलाय, पुढचा बरा आहे. एकच बदलला तर?

चालतं. मागचा लवकर झिजतो हे साहजिक आहे, इंजिनची ताकद आणि वजन दोन्ही त्याच्यावर. पण "पुढचा चालतोय अजून" म्हणत तीन मागचे टायर बदलेपर्यंत पुढचा तोच ठेवणारे लोक आहेत, त्यांना हात जोडतो. ब्रेक दाबल्यावर गाडीचं वजन पुढे येतं, घाट उतरताना तर जास्तच, आणि मागचं चाक सरकलं तर सावरता तरी येतं, पुढचं सरकलं की आपण खाली. पैसे एकाच चांगल्या टायरचे असतील आणि दोन्ही सारखेच झिजले असतील तर मी आधी पुढचा घेईन.

दोन कंपन्यांचे दोन टायर लावले म्हणून बिघडत नाही, साईज आणि प्रकार बरोबर पाहिजे.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

समजा लिहिलंय १००/९०-१७ एम/सी ५५पी. शंभर म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. नव्वद म्हणजे उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत, म्हणजे इथे नव्वद मिलिमीटर. सतरा म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एम/सी म्हणजे मोटरसायकलचा. पंचावन्न हा वजनाचा नंबर, त्याचा अर्थ तो टायर २१८ किलोपर्यंत पेलतो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा स्पीड, 'जे' अक्षर असेल तर १००, एल म्हणजे १२०, एस म्हणजे १८०. जुन्या गाड्यांवर २.७५-१८ असं इंचातलं माप असतं.

नवा घेताना वजनाचा नंबर आणि स्पीडचं अक्षर कंपनीने दिलंय त्याच्या खाली जायचं नाही, वर गेलं तरी चालतं. डबलसीट आणि वर गॅसची टाकी नाहीतर आंब्याची पेटी नेणाऱ्यांनी वजनाच्या नंबरकडे खास लक्ष द्या. आयएसआयचा शिक्का आहे ना तेही बघा.

एक साईज रुंद टाकू? दिसायला भारी दिसते.

दिसते खरी. पण रिम तीच राहते, मग रुंद टायर अरुंद रिमवर दाबून बसतो, त्याचा गोलावा बदलतो, मधला भाग टोकदार होतो आणि जमिनीला टेकतं ते रबर वाढण्याऐवजी काही वेळा कमीच होतं. चेन कव्हरला नाहीतर मडगार्डला घासायची भीती, अॅव्हरेज कमी, वळवताना गाडी जड. आणि जेवढा रुंद तेवढं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे नेमकं आपल्या पावसाच्या विरुद्ध.

एबीएसवाल्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम असलेल्या, गाड्यांत तर अजून एक भानगड आहे. चाकांच्या फिरण्याचा वेग मोजूनच ती काम करते, तुम्ही चाकाचा घेरच बदलला तर तिचं गणित बिघडतं. कंपनीच्या पुस्तकात पर्यायी साईज दिली असेल तर टाका, नाहीतर आहे तीच बरी.

कुठल्या कंपनीचा घेऊ?

एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, मिशेलिन, यांतला कुठलाही योग्य साईजचा ताजा टायर रोजच्या वापराला चांगलाच आहे. कंपनीवरून भांडण्यापेक्षा रबर आणि नक्षी बघा.

रबराचं साधं आहे, कडक रबर जास्त टिकतं, मऊ रबर जास्त धरतं, दोन्ही पूर्ण एकाच टायरमध्ये मिळत नाही. दुकानदार सहसा "हा पन्नास हजार चालेल बघा" म्हणून कडकवाला पुढे करतो, कारण आपण पहिला प्रश्न तोच विचारतो. प्रश्न बदला. "ओल्यात कुठला धरतो?" असं विचारा, आणि रोज गाडी चालवणाऱ्या दोघा-तिघांना विचारा, कुरिअरवाले, मासळी पोचवणारे, यांना जाहिरातीपेक्षा जास्त कळतं. माझं मत विचाराल तर पुढे मऊ आणि मागे मध्यम. मागचा लवकर झिजतो तिथे थोडी कंजुषी समजू शकतो, पुढे करू नका.

नक्षीत मधून कडेकडे जाणाऱ्या नीट खोल खाचा पाहिजेत, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वाट. मोठ्या बटणांचे टायर लाल चिखलाच्या कच्च्या रस्त्यासाठी असतात. गावाचा शेवटचा अर्धा किलोमीटर कच्चा आहे म्हणून बटणवाले लावले तर उरलेल्या तीस किलोमीटर डांबरावर ते घोंघावतात, ओल्या सिमेंटवर कमी धरतात, लवकर झिजतात. तेवढा अर्धा किलोमीटर हळू जा की.

रेडियल घेऊ का साधा?

रेडियल म्हणजे आतले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेला सरळ आडवे जातात तो, साध्यात ते तिरके एकमेकांवरून जातात. १००-१२५ सीसीला बहुतेक साधाच येतो, विचार करायची गरज नाही. १५०-१६०च्या पुढे काही गाड्यांना कंपनीकडूनच मागे रेडियल आणि पुढे साधा येतो, ते चालतं. उलटं, म्हणजे पुढे रेडियल आणि मागे साधा, असं मनाने करू नका.

ट्यूबलेस घ्यावा का ट्यूबवाला?

गाडीला अलॉय, म्हणजे तारांऐवजी ओतीव चाकं, असतील तर बहुतेक ट्यूबलेसच असतो. फायदा एकच पण मोठा, खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, गाडी सांभाळून बाजूला घेता येते. एप्रिल-मेमध्ये तर हा फायदा फार कळतो, कारण आंब्याच्या लाकडी पेट्यांचे बारीक खिळे बागेच्या वाटेपासून मार्केटपर्यंत सगळीकडे सांडलेले असतात. तारांच्या चाकाला बहुतेक ट्यूबच लागते, आणि तिथे टायर नवा घेताना ट्यूबही नवी घ्या, रिमची पट्टीही बघा, दोनतीनशे वाचवून अर्ध्या घाटात बसायला नको.

पंक्चर मधल्या भागात असेल तर वरून दोरी मारून काम होतं, पण तो घरी पोचण्यापुरता इलाज, टायर उतरवून आतून पॅच मारलेला बरा. कडेला, जिथे टायर वाकतो तिथे, पंक्चर झालं तर दुरुस्ती नाही, टायरच बदलायचा.

समुद्राकाठच्या लोकांसाठी एक खास सूचना. दापोली-हर्णै, गुहागर, मालवण, या पट्ट्यात खाऱ्या हवेने रिमच्या कडेला, जिथे टायर बसतो तिथे, आतून खार फुटतो, रंग सुटतो आणि पंक्चर नसताना हवा जात राहते. लोक तीनतीनदा पंक्चर शोधतात, सापडत नाही. टायर बदलताना रिमची ती कड घासून साफ करायला सांगा आणि वॉल्वही नवा टाकून घ्या, तो फार महाग नसतो.

पावसात हवा थोडी कमी ठेवायची ना?

नाही, नाही, नाही. कोणी सुरू केलंय हे माहीत नाही पण प्रत्येक नाक्यावर एकजण हे सांगतोच. हवा कमी केली की टायर चपटतो, खाचा मिटायला लागतात आणि पाणी बाहेर जायच्या ऐवजी मधे अडकतं. पुस्तकात किंवा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर असेल तेवढी, डबलसीटला मागे दिलेली जास्तीची, सकाळी गाडी थंड असताना. दर पंधरा दिवसांनी बघा. पंपावरच्या मीटरचा काही भरवसा नसतो, स्वतःचा छोटा मीटर बाळगा. नायट्रोजन फुकट मिळत असेल तर भरा, साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

दुकानात बसवून घेताना काय बघू?

आधी ते चार आकडे. बुलेटच्या एकोणीस इंचीसारखे कमी खपाचे साईज छोट्या गावातल्या दुकानात वर्षं-दोन वर्षं पडून असतात, सहा महिन्यांतला द्या असं स्पष्ट सांगा, नसेल तर मागवून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, जुन्या किमतीत गळ्यात मारत नाहीत ना ते बिलावर बघा. पक्कं बिल घ्याच, बनवण्यातला दोष निघाला तर वॉरंटी त्याच्यावरच मिळते.

बसवताना बाण बघा, टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असतो तो पुढे जाणाऱ्या चाकाशी जुळला पाहिजे. मशीनवर बसवणारा असेल तर उत्तम, लोखंडी पट्ट्यांनी अलॉय खरवडतात. साबणाचं पाणी लावतात ते ठीक, ऑइल-ग्रीस लावू देऊ नका. मागचं चाक काढलं की चेनचा ताण आणि चाक सरळ बसलंय का ते दोन्ही बाजूंच्या खुणांवर बघा, आणि दुकानातून निघायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून बघा. डिस्कवाल्या गाडीचं चाक परत बसवल्यावर पहिला ब्रेक कधीकधी लागतच नाही, आणि समोर रस्त्यावर एसटी असते.

नवा टायर घसरतो म्हणतात, खरं?

खरं आहे. वरचा थर गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवा, जोरात ब्रेक नाही, वळणावर जास्त झुकवणं नाही. म्हणूनसुद्धा मेमध्ये बदलायचा, हा थर कोरड्यात निघून जातो. टायर काळाभोर दिसावा म्हणून पॉलिश नाहीतर खोबरेल चोळणारे आहेत, कडेला लावा एकवेळ, जमिनीला टेकणाऱ्या भागाला अजिबात नाही.

गुळगुळीत टायरला नवीन खाचा मारून देतात, दोनशेत काम होतं.

गरम पात्याने खाच मारतात म्हणजे उरलंसुरलं रबर कापतात, खाली दोरे उघडे पडतात. रिमोल्डचंही, म्हणजे जुन्या टायरवर नवा रबराचा थर चढवलेल्याचंही, तेच उत्तर. दुचाकीला नको. साध्या गाडीचा मागचा टायर साधारण दीड-अडीच हजारात येतो, हाड मोडलं तर प्लास्टरला किती जातात ते विचारून या.

स्कूटरचा टायर एवढ्या लवकर का संपतो?

चाक लहान, तेवढ्याच अंतराला जास्त फेरे, वजन बहुतेक मागे. दहा इंची मागचा टायर बाईकच्या आधी संपणारच. बाकी सगळे नियम तेच.

शेवाळावर आणि पहिल्या पावसात न घसरणारा टायर कुठला?

असा टायर नाही. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं ऑइल आणि लाल धूळ वर येते, पहिला अर्धा तास सगळ्यात वाईट. झाडाखाली पडलेली जांभळं, मासळीच्या टेम्पोतून गळालेलं पाणी, वाडीतल्या सिमेंटच्या उतारावरचं हिरवं शेवाळ, फेरीबोटीची ओली लोखंडी फळी, यांच्यावर पाच हजारांचा टायरही सरकतो. तिथे स्पीड कमी, गाडी सरळ, आणि पुढचा ब्रेक हलक्या हाताने. फेरीवर चढताना मागचा माणूस उतरवा.

जुन्या टायरचं काय करू?

दुकानातच देऊन या, ते भंगारात पुढे जातात. घरी आणलात तर माडाच्या आळ्याजवळ नाहीतर गोठ्यामागे पडून राहतो, पावसाचं पाणी भरतं आणि त्यात डेंग्यूचे डास होतात. कुणाला झोपाळ्याला किंवा होडीला बांधायला हवा असेल तर खालच्या बाजूला दोन-तीन भोकं पाडून द्या, म्हणजे पाणी साचणार नाही. शिमग्याच्या होळीत टाकू नका.